भोपळा, मसाला आणि नोटीस बोर्ड

भोपळा म्हणजे काय हे इंजिनीअरिंगच्या मुलामुलींना मी वेगळं काय सांगणार? एम-थ्रीच्या पहिल्या टेस्टला ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी हात वर करावेत. (करा, करा. मॅगझिन वाचताना कोणी बघत नाही.) पण आजचा विषय तो भोपळा नाही. आजचा विषय लाल भोपळा, म्हणजे आपल्या मेसमध्ये सोमवारी, बुधवारी आणि 'काका, आज काय स्पेशल?' असं विचारलं की शनिवारी मिळणारा. त्यावर आम्ही केलेलं गाणं, आणि त्या गाण्यामुळे गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलींच्या हॉस्टेलच्या बोर्डावर लागलेली नोटीस. ती नोटीस अजून तिथेच आहे. एक टाचणी निघाल्यामुळे फक्त तिरकी झाली आहे.

नोटिशीत लिहिलंय की, यापुढे भोंडला, गॅदरिंग किंवा इतर कोणत्याही कार्यक्रमात म्हणावयाच्या गाण्यांची लेखी प्रत दोन दिवस आधी कार्यालयात सादर करावी. आम्ही जर्नल वेळेवर सादर करत नाही, तिथे गाणी काय करणार! पण थट्टा पुरे. ते गाणं लिहिणाऱ्या चौघींपैकी मी एक आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे आधीच कबूल करते. तरी ते मांडायचं आहे. आणि त्याची सुरुवात होते न्यू जर्सीत.

माझी ताई तिकडे असते. तिची मुलगी सात वर्षांची, दुसरीत. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमचा व्हिडिओ कॉल चालू होता. वाईहून आजी, पुण्याहून मामा, हॉस्टेलच्या जिन्यातून मी (रेंज तिथेच येते, सी विंगवाल्यांना ठाऊक आहे) आणि तिकडून ताई व तिचं पिल्लू. आजी नेहमीप्रमाणे म्हणाली, "काहीतरी म्हणून दाखव गं बाळ." आजीची अपेक्षा शुभंकरोतीची. पिल्लूने घसा साफ केला आणि शाळेत बसवलेलं एक इंग्रजी गाणं हातवाऱ्यांसकट म्हटलं.

गाणं होतं पम्पकिन स्पाइसवर. शब्द मी इथे देत नाही, कारण मला ते नीट आठवतही नाहीत. पण मामला असा. थंडीची चाहूल लागते, तशी आई त्या वासाची कॉफी पिऊ लागते. मग बाबांच्या डोनटला तोच वास. मग मेणबत्तीला, मग साबणाला, मग टूथपेस्टला, मग कुत्र्याच्या शाम्पूला. शेवटी आजी जवळ घेते तर आजीलाही तोच वास! आणि मग ते पोर निरागसपणे विचारतं की हे सगळं ठीक आहे, पण यात भोपळा कुठाय?

मामा म्हणाले, "हेच शिकवतात वाटतं तिकडे." ताईचा चेहरा पडला. मी आजीला कडव्याकडव्याचा अर्थ सांगत होते. कुत्र्याच्या शाम्पूपाशी आजीला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अगं, हे तर हादग्याचं गाणं!"

मामांना ते पटलं नाही. मला मात्र पटलं, आणि नंतर विचार केला तसं आणखीच पटत गेलं.

आधी हा पम्पकिन स्पाइस म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगते. अमेरिकेत भोपळ्याचा पाय हा तसा जुना पदार्थ. (पाय म्हणजे ३.१४ नव्हे, मेकॅनिकलवाल्यांनो. मैद्याच्या पारीत भरलेलं गोड सारण.) अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंनी १७९६ मध्ये अमेरिकन स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, त्यात या गोड भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि आलं, दुसरीत ऑलस्पाइस आणि आलं. म्हणजे मसाला तेव्हाच ठरल्यासारखा होता. पुढे १९३४ मध्ये मॅकॉर्मिक कंपनीने हा मसाला एकत्र करून डबीतून विकायला काढला. दालचिनी, सुंठ, जायफळ, ऑलस्पाइस. कोणी त्यात लवंगही घालतं. आपल्याकडे चहाचा मसाला मिळतो ना, तसा तो पायचा मसाला. त्यात भोपळा नसतोच. तो भोपळ्यात घालायचा असतो!

मग २००३ साली स्टारबक्सने त्या चवीची कॉफी काढली. ही कॉफी तयार करताना त्यांच्या माणसांनी म्हणे पायचा एक घास आणि वर एस्प्रेसोचा घोट असं करून कोणती चव पुढे येते ते तपासलं. आधी शंभरेक दुकानांत ती विकून पाहिली आणि मग ती अशी चालली की आज ऑगस्ट संपायच्या आत, अंगातून घामाच्या धारा वाहत असतानाच, तिकडे 'शरद ऋतू' सुरू होतो. गंमत म्हणजे या कॉफीत पहिली बारा वर्षं भोपळ्याचा कणही नव्हता. २०१५ मध्ये कंपनीने खऱ्या भोपळ्याचा गर घालणार असं जाहीर केलं. तेव्हा पिल्लूच्या गाण्यातला प्रश्न काही अगदीच पोरकट नाही. मोठ्या माणसांनीही तो विचारलेला आहे.

आम्हा केमिकलवाल्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. दालचिनीचा वास म्हणजे मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड. लवंगेचा युजेनॉल. ऑलस्पाइसमध्येही युजेनॉलच जास्त, म्हणून त्याला लवंगेची आठवण येते. (हाच युजेनॉल दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दातात भरतात. म्हणजे एकाच रेणूने एकाला सण आठवतो आणि दुसऱ्याला रूट कॅनाल.) भोपळ्याला स्वतःचा वास विचारलात तर बिचाऱ्याकडे सांगण्यासारखं फार काही नाही. तो भरीचा माणूस. गर, रंग, थोडा गोडवा. बाकी नाव त्याचं आणि काम मसाल्याचं. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये हे उलटं असतं. काम एकाचं आणि नावं चौघांची. असो.

पण मला सगळ्यात मजा वाटली ती या मसाल्याच्या प्रवासाची. यातला ऑलस्पाइस तेवढा जमैकेकडचा. बाकी दालचिनी, आलं, जायफळ, लवंग सगळं आपल्या बाजूच्या समुद्रातलं. जायफळ तर एके काळी जगात फक्त बांदा बेटांवर पिकायचं, आजच्या इंडोनेशियात. त्याच्यासाठी डच कंपनीने १६२१ मध्ये तिथल्या लोकांची कत्तल केली. त्यातलं रन नावाचं एक चिमुकलं बेट इंग्रजांना हवं होतं. शेवटी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ज्याच्या हाती जे होतं ते त्याच्याकडे राहिलं. रन डचांकडे, आणि मॅनहॅटन, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. ताई रोज सकाळी नदीखालच्या बोगद्यातून ज्या बेटावर नोकरीला जाते, त्याच्या बदल्यात डचांना जायफळाचं बेट मिळालं आणि सौदा फायद्याचा झाला असं त्यांना तेव्हा वाटलं असणार! आज जायफळ आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची त्याची जात काढली आहे.

आणि भोपळा? तो आला उलट्या बाजूने. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखाच तो युरोपातल्या दर्यावर्दींबरोबर समुद्रावरून इकडे आला आणि इतका रुळला की भोपळ्यात बसून जंगल पार करणारी आपली म्हातारी परदेशी गाडीतून चालली होती असं कोणाच्या मनातही येत नाही. (दुधी भोपळा मात्र फार जुना, मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही त्याच्याच घराण्यातला.) तिकडे डब्यात भरून विकतात तो भोपळा आणि आपल्या मेसमधला भोपळा ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात, कुकुर्बिटा मोशाटा. हॅलोविनला नाक-डोळे कोरून दिवा लावतात तो नारिंगी भोपळा वेगळ्या जातीचा. थोडक्यात काय, भोपळा त्यांनी आपल्याला दिला, मसाला आपल्याकडून तिकडे गेला, आणि आता आपण एकमेकांच्या गाण्यांना नावं ठेवतोय.

आता आजी हादग्याचं गाणं का म्हणाली ते. विदर्भ-खानदेशातल्या मैत्रिणींकडे भुलाबाई असते, पुण्याकडे भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात जातो, पाऊस जाता जाता हत्तीच्या सोंडेने पाणी ओततो, तेव्हाचा हा खेळ. पाटावर हत्ती काढायचा, हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. त्यातली निम्मी गाणी खाण्यावर आहेत. बायकोने प्रेमाने फराळ करावा आणि वेड्या नवऱ्याने एकेक पदार्थ भलत्याच वस्तूसाठी वापरून मातीत घालावा, असं एक. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेपुढे सासूने एकेक नवी अट टाकत जावी आणि ती यादी काही केल्या संपू नये, असं दुसरं. रचना हीच. एक गोष्ट घ्यायची, ती वाढवत वाढवत हास्यास्पद होईपर्यंत न्यायची, आणि जे तोंडावर बोलता येत नाही ते फेर धरून बोलून टाकायचं. कॉफी, डोनट, साबण, कुत्र्याचा शाम्पू. आजीने बरोबर ओळखलं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. सासूवरचं गाणं म्हटलं जायचं तेव्हा सासू कुठे असायची? आत स्वयंपाकघरात. त्याच मुलींसाठी खिरापत तळत. तिला सगळं ऐकू जायचं.

तर त्या फोननंतर आम्ही चौघींनी रूम नंबर १७ मध्ये बसून मेसच्या भोपळ्यावर गाणं रचलं. चाल भोंडल्याची, कल्पना पिल्लूची. सोमवारी भाजीत भोपळा, बुधवारी सांबारात भोपळा, शनिवारी 'मिक्स व्हेज' या टोपणनावाने भोपळा. मग टर्म टेस्टच्या पेपरावर भोपळा, मग पीएलमध्ये स्वप्नात भोपळा, आणि शेवटी व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात की युअर नेम प्लीज, तर तोंडातून भोपळाच बाहेर पडतो. स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये, पण गाणं जमलं होतं.

मात्र त्यात एक कडवं होतं. आपल्या मेसच्या काकांच्या बोलण्यात 'श'चा 'स' होतो. वाढताना ते ताटं मोजतात, आणि शंभराच्या पुढे गेले की ते मोजणं सगळ्यांना ऐकू येतं. ते कडवं आम्ही तसं म्हटलं. सबंध गाण्यात सगळ्यात मोठा हशा त्या कडव्याला आला. हशा ओसरला तेव्हा दिसलं की काका दारात उभे होते. मसाला दुधाचं पातेलं घेऊन.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी ताटं मोजली, पण मनातल्या मनात.

नोटीस त्यानंतर लागली. आणि तिच्याबद्दल मला जे म्हणायचंय ते हे, की ज्या कारणासाठी ती लागली त्यासाठी ती कुचकामी आहे. समजा, आम्ही गाण्याची लेखी प्रत दिली असती. कार्यालयाने ती वाचली असती. भोपळ्याची कडवी खोडली असती, कारण त्यात मेसची बदनामी दिसते. एक्स्टर्नलचं कडवं तर नक्की खोडलं असतं. आणि काकांचं कडवं? ते कागदावर अगदी स्वच्छ होतं! एक ते शंभर आकडे मोजण्यात कोण काय आक्षेपार्ह शोधणार? त्यातलं विष शब्दांत नव्हतंच, ते आमच्या जिभेवर होतं. म्हणजे जे म्हणायला हवं होतं ते गेलं असतं आणि जे म्हणायला नको होतं तेवढं उरलं असतं. क्वालिटी कंट्रोलच्या भाषेत सांगायचं तर चांगला माल रिजेक्ट आणि सदोष माल पास. असलं गाळणं बसवून उपयोग काय?

काही सरांचं म्हणणं असं की तक्रारीला मेस कमिटी आहे, सूचनापेटी आहे. गाण्यात तक्रार कशाला? सर, सूचनापेटीची किल्ली हरवली आहे. ऑगस्टमध्ये आम्ही चाळीस सह्यांचा अर्ज मेस कमिटीला दिला होता, आणि तो 'विचाराधीन' झाला. गाणं मात्र एका संध्याकाळी म्हटलं आणि पुढच्या आठवड्यापासून बुधवारचा भोपळा बंद झाला. (सोमवारचा चालू आहे. शनिवारचं कोणीच काही सांगू शकत नाही.) गाण्याने कामं होतात हा माझा दावा नाही. पण दोनशे दहा मुली एका सुरात हसल्या की प्रश्न खरा आहे एवढं कळतं. अर्जावर चाळीस सह्या बघून ते कळत नाही, कारण त्यातल्या पंधरा एकीनेच केलेल्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरा आक्षेप माझ्याच रूममेटचा. ती म्हणाली, तुझ्या भाचीचं गाणं थट्टेचं कसलं, ती तर फुकटची जाहिरात! वीस वेळा त्या वासाचं नाव घ्यायचं, आणि मुलं घरी जाऊन तीच मेणबत्ती मागणार. यात तथ्य आहे. मी बराच वेळ गप्प बसले. एवढ्या मोठ्या कंपनीला लहान मुलांच्या गाण्याने ओरखडाही येत नाही, उलट कपावर छापायला नवी ओळ मिळते. हसू ज्याला लागतच नाही त्याला हसणं सोपं. काकांना लागलं. म्हणून ते अवघड आहे. ते करूच नये असं नाही, पण हात सांभाळून करावं.

या भोपळ्याच्या पायवरच अमेरिकेत एक जुनं बालगीत आहे, त्याची गोष्ट मला या निमित्ताने कळली. लिडिया मारिया चाइल्ड या बाईंनी १८४४ मध्ये ते लिहिलं. बर्फातून घोड्याच्या गाडीत बसून आजोबांच्या घरी थँक्सगिव्हिंगला जाण्याचं वर्णन, आणि शेवटी गाडी येऊन थांबते ती भोपळ्याच्या पायपाशी. आजही तिकडची मुलं ते म्हणतात. पण या बाई नुसत्या पायवाल्या नव्हत्या. १८२६ पासून त्या मुलांसाठी एक मासिक चालवत होत्या, आणि ते चांगलं चालतही होतं. १८३३ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध सडेतोड पुस्तक लिहिलं. झालं! पालकांनी मासिकाच्या वर्गण्या बंद केल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना ते सोडावं लागलं. मासिकात काही गैर छापलं म्हणून नव्हे. बाईंनी दुसरीकडे खरं बोललं म्हणून. मुलांच्या गाण्यागोष्टींवर मोठ्यांची नजर असते ती बहुतेक वेळा मुलांसाठी नसते, असं मला वाटायला लागलंय. आमच्या नोटिशीतही काकांचं नाव कुठेच नाही. 'संस्थेची प्रतिमा' असा शब्द आहे.

काकांकडे मी आठ दिवसांनी गेले. आठ दिवस का लागले, तर धीर होत नव्हता. ते कोठीच्या खोलीत होते. म्हटलं, "काका, त्या दिवशीचं चुकलं आमचं."

काका म्हणाले, "गाण्याचं काय न्हाई ओ ताई. भोपळ्याला नावं ठेवा. आमी काय कमी ठेवतो?" मग त्यांनी मला कोठी दाखवली. भिंतीकडेला भोपळे ओळीने ठेवलेले. म्हणाले, "टमाटं दोन दिसांत सडतंय. कांद्याचा भाव तुमी पेपरात वाचता, मी बाजारात भरतो. ह्यो न कापता ठेवला तर दोन-तीन म्हैने बसतोय. दोनशे दहा ताटं, महिन्याला ठरल्याले पैसे. मग सांगा, काय करावं?"

मी इकॉनॉमिक्सच्या पेपरात इन्व्हेंटरीवर पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते. इथे एकही शब्द सुचला नाही.

मी जायला निघाले तेव्हा ते म्हणाले, "बोलण्याचं तेवढं... माजी धाकटी बी असंच बोलती. साळंत पोरं चिडिवत्यात. ती त्या दिवशी आली हुती मदतीला. आत हुती, भांड्यापाशी."

हे इथे लिहू की नको याचा मी खूप विचार केला. काकांना विचारून लिहिते आहे. कारण ज्यांना वाटतं की आम्हा मुलींना नोटिशीशिवाय काही कळत नाही, त्यांना मला सांगायचंय की ते कडवं आम्ही त्याच रात्री टाकून दिलं. आणि ज्यांना वाटतं की 'एवढं काय, गंमत होती', त्यांनाही हे वाचू दे. सासूवरच्या गाण्यात सासूचा स्वभाव असतो, तिच्या अटी असतात. ती लंगडते म्हणून कोणी गाणं केल्याचं आजीला विचारलं तर तिला आठवेना. शोधलं तर सापडेलही, जुन्या गोष्टी सगळ्याच काही सोवळ्या नव्हत्या. पण टिकलेली गाणी पाहावीत तर त्यात वस्तू, पदार्थ, नाती आणि अटी यांचीच चेष्टा आहे.

म्हणून आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं आहे. लेखी प्रत देणार नाही. त्याऐवजी भोंडल्याच्या आदल्या दिवशी मेसमध्ये, चहाच्या वेळी, गाणं एकदा म्हणून दाखवणार. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर. काका, त्यांची मुलगी, यायला जमलं तर मॅडमही. त्यांना टोचलं तर तिथेच बोलता येईल, आणि जीभ काय करते ते कागदापेक्षा तिथे लवकर कळेल. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना 'बघू'चे सात अर्थ माहीत असतात. हा त्यातला तिसरा किंवा चौथा असावा, म्हणजे अगदी नकार नाही. नोटीस मात्र काढायला हवी. तिरकी झाली आहेच, दुसरी टाचणी काढायला कितीसा वेळ लागतो?

यंदाचं गाणं तयार आहे. त्यात कोठी आहे, बाजारभाव आहे, किल्ली हरवलेली सूचनापेटी आहे आणि सी विंगची रेंज आहे. भोपळाही आहे, पण यंदा तो शेवटच्या कडव्यात जिंकतो. पिल्लूला चाल पाठवली आहे. न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या भोंडल्यात ती दोन कडवी म्हणणार आहे, 'मेस' म्हणजे काय ते ताईने समजावलं म्हणे. तिने उलट विचारलं, की तुमच्या गाण्यात तरी खरा भोपळा आहे का?

आहे. हे मॅगझिन छापून येईपर्यंत भोंडला होऊन गेलेला असेल, म्हणून खिरापत सांगायला हरकत नाही. काकांनीच सुचवलं, भोपळ्याचे घारगे. भोपळा किसायचा, तुपावर परतून गुळात शिजवायचा, गार झाला की त्यात मावेल तेवढी कणीक, पाण्याचा थेंब घालायचा नाही, थापून वर खसखस, आणि तळायचे. 'ते सांगू नका कुनाला,' काका म्हणाले, 'डबा वाजवून वळखू दे.' फक्त दोनशे दहा जणींच्या घारग्यांना जायफळ किती लागेल याचा त्यांना अंदाज येईना. मग तिथूनच आजीला फोन लावला आणि तो काकांच्या हातात दिला. आजीने आधी भोपळा किती किलो ते विचारलं, गूळ कोणता ते विचारलं, आणि मग म्हणाली, "चार पुरेत. पण आधी किसून ठेवू नका हो, वास उडतो. कणीक घालायच्या वेळी किसा."